आराखडा पाण्यात जातो तेव्हा: आपत्तीत निर्णय नेमका कोण घेतो?

पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग वाढला की पुण्यात एक वाद हमखास सुरू होतो. 25 जुलै 2024 च्या पहाटे मुठेत सुमारे 35 हजार क्युसेक पाणी आले, सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तळमजले बुडाले, अग्निशमन दलाच्या होड्या फिरू लागल्या, पुढे लष्कराचे जवान दाखल झाले, आणि पाणी ओसरायच्या आतच प्रश्नांची फैर झडली. पूर्वसूचना दिली होती का, दिली असेल तर कोणी कोणाला दिली, आणि आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा तयार असताना तो ऐनवेळी पाण्यात का गेला? या प्रश्नांमागे एक समजूत असते, की आराखडा नीट असता आणि वरचा अधिकारी खमक्या असता तर सारे सुरळीत पार पडले असते. ही समजूत अर्धीच खरी आहे. मोठ्या आपत्तीत संस्था प्रत्यक्षात कशा वागतात, याचा अभ्यास अमेरिकेत 1963 पासून डिझास्टर रिसर्च सेंटर या केंद्रात पद्धतशीरपणे होत आला आहे आणि त्यातून समोर येणारे चित्र आपल्या समजुतीपेक्षा बरेच वेगळे आहे.

आराखड्यात काय असते, काय नसते

आराखड्यात फोन नंबर असतात, पूररेषेत येणाऱ्या वस्त्यांची यादी असते, कोणत्या शाळेत किती माणसांची सोय होईल हे लिहिलेले असते आणि कोणते खाते काय करील याची वाटणी असते. हे सगळे आवश्यकच आहे. मात्र आराखडा मागच्या आपत्तीवरून लिहिला जातो आणि पुढची आपत्ती मागचीसारखी येईलच असे नाही. ज्या शाळेत निवारा ठरलेला आहे त्या शाळेच्याच रस्त्यावर पाणी येते, ज्याला फोन करायचा तो अधिकारी स्वतःच अडकून पडलेला असतो, वीज गेल्याने मोबाइलचा टॉवर बंद पडतो. अशा वेळी हाताशी जे आणि जेवढे आहे त्यातून, आराखड्यात नसलेला मार्ग तिथल्या तिथे शोधून लगेच अमलात आणावा लागतो. अभ्यासक याला इम्प्रोव्हायझेशन म्हणतात. या लेखात आपण त्याला योजकता म्हणू. तिचे वैशिष्ट्य असे, की आधी विचार, मग मंजुरी आणि मग कृती असे टप्पे तिच्यात उरत नाहीत, तिन्ही गोष्टी जवळपास एकाच वेळी घडतात. शासकीय कामकाजाची सगळी घडी या टप्प्यांवर बसलेली असल्यामुळे खरी अडचण इथूनच सुरू होते.

ऐनवेळी वाढलेली पाने

लग्नाच्या पंगतीचे उदाहरण घेऊ. तीनशे पानांचा स्वयंपाक सांगितलेला आहे आणि दुसऱ्या पंगतीला ध्यानीमनी नसताना शंभर-दीडशे पाने वाढतात. ही गोष्ट सर्वांत आधी कळते वाढप्याला, कारण जिलबीचे ताट तळाला गेल्याचे त्याला दिसते. मार्ग सुचतो आचाऱ्याला: आमटी वाढवता येईल, मसालेभाताचे आणखी एक पातेले चढवता येईल. तांदूळ आणि तूप मात्र कोठीत असते आणि कोठीची किल्ली मुलीच्या मामांच्या खिशात. मामा हारतुऱ्यांत अडकले असतील तर दिसणारा, सुचणारा आणि किल्लीवाला हे तिघे एकमेकांना शोधत मांडवभर फिरतात आणि पाहुणे पानावर ताटकळतात. व्यवहारी मामा म्हणूनच सकाळीच किल्ली आचाऱ्याच्या हाती देतात आणि काय काढले ते वहीत लिहून ठेवायला सांगतात.

आपत्तीतल्या नेतृत्वाचा बराचसा भाग या किल्लीत आहे. संकट ज्याच्या डोळ्यांसमोर घडते तो बहुधा सर्वांत खालचा माणूस असतो, उपाय ज्याला कळतो तो मधला तांत्रिक माणूस असतो आणि अधिकार व पैसा सर्वांत वर असतो. ही अंतरे संकट येण्यापूर्वीच कमी करून ठेवणे हे नेत्याचे मुख्य काम होय. ऐन पुरात गमबूट घालून पाहणी करणारा नेता छायाचित्रात चांगला दिसतो, पण त्याच्या कामाचे मोल बहुतेक वेळा मागच्या मे महिन्यातच ठरून गेलेले असते.

पुण्याने हे पाहिलेले आहे

जुलै 1961 मध्ये पानशेतच्या मातीच्या धरणाचा भराव खचू लागला, तेव्हा त्यावर काय करायचे हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नव्हते. जवानांनी रात्रभर पोत्यांचे थर रचून भराव उचलून धरला. धरण वाचले नाही. 12 जुलैच्या सकाळी ते फुटले आणि त्या लोंढ्याने खालचे खडकवासलाही फोडले. मात्र जे अंधारात घडले असते ते दिवसाउजेडी घडले, आणि त्या काही तासांमुळे असंख्य पुणेकरांना घर सोडून पळता आले. योजकतेचे यश अनेकदा असेच असते: ती संकट टाळत नाही, वेळ मिळवून देते. मिळालेल्या वेळेचे काय करायचे हे मात्र दुसऱ्या कोणीतरी ठरवावे लागते, आणि त्या रात्री शहराला वेळेवर व स्पष्टपणे सावध का केले गेले नाही, हा प्रश्न जुने पुणेकर पुढे कित्येक वर्षे विचारत राहिले. धरणावर कमालीची योजकता आणि शहरात संभ्रम, असे दोन्ही एकाच रात्री घडले.

पुरानंतर तत्कालीन मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी पुनर्वसनाची धुरा स. गो. बर्वे यांच्याकडे दिली. बर्वे सनदी सेवेतले होते आणि पुण्याचे महापालिका आयुक्त म्हणून त्यांनी काम केलेले होते, म्हणजे शहराच्या गल्ल्या आणि खात्यांच्या खोड्या दोन्ही त्यांना ठाऊक होत्या. मूळ लष्करी छावण्यांसाठी निघालेला निसेन हट हा अर्धगोल घरांचा प्रकार पूरग्रस्तांसाठी वापरला गेला. अनोळखी संकटात माहितीचा माणूस नेमणे आणि त्याच्या हाती किल्ली देणे, या दोन गोष्टी तेव्हा एकत्र आल्या.

फळ्यावर लिहिलेले भूकंपाचे धक्के

नेता प्रत्यक्षात काय करतो हे जवळून पाहायचे असेल, तर जपानमधले एक उदाहरण मला फार बोलके वाटते. 11 मार्च 2011 च्या त्सुनामीत फुकुशिमा दाइइची या अणुवीज केंद्राचे काय झाले हे जगाला माहीत आहे. त्याच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर फुकुशिमा दाइनी हे दुसरे केंद्र आहे. तिथल्या चारपैकी तीन अणुभट्ट्यांची थंड करणारी यंत्रणा पाण्याने निकामी केली, मात्र बाहेरून येणारी एक वीजवाहिनी सुदैवाने शाबूत राहिली.

केंद्राचे प्रमुख नाओहिरो मासुदा यांना माणसे बाहेर पाठवून नुकसान पाहायचे होते, परंतु भूकंपाचे धक्के चालूच होते आणि पुन्हा लाट येण्याची भीती होती. हुकूम सोडून माणसे बाहेर गेली असती का, याची खात्री नव्हती. त्यांनी एका पांढऱ्या फळ्यावर प्रत्येक धक्क्याची वेळ आणि तीव्रता लिहायला सुरुवात केली. धक्के हळूहळू विरळ आणि सौम्य होत आहेत हे सर्वांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसू लागले, आणि मगच मासुदांनी लोकांना बाहेर जाण्यास सांगितले.

पुढचे काम म्हणजे जिवंत वीज असलेल्या इमारतीपासून किनाऱ्यावरच्या पंपांपर्यंत केबल ओढणे. एरवी यंत्रांनी आणि बऱ्याच दिवसांत होणारे हे काम सुमारे दोनशे जणांनी हातांनी केले आणि दीड दिवसाच्या आत जवळजवळ 9 किलोमीटर जड केबल अंथरली. काम अर्ध्यावर असताना लक्षात आले, की ज्या दुसऱ्या भट्टीला आधी वीज द्यायचे ठरले होते तिच्यापेक्षा पहिल्या भट्टीतला दाब वेगाने वाढतो आहे. मासुदांनी बेत बदलला. दमलेल्या माणसांना बेत बदलल्याचे सांगणे ही कोणत्याही साहेबाला अवघड वाटणारी गोष्ट आहे. मात्र आपला प्रमुख जे ठाऊक आहे ते फळ्यावर मांडतो आणि चित्र बदलले की तेही सांगतो, हे त्या माणसांनी आदल्या दिवशी पाहिलेले होते. 15 मार्चपर्यंत चारही भट्ट्या सुरक्षितपणे थंड झाल्या.

मग आराखडा कशाला हवा?

इथे पहिली शंका येते. सगळे ऐनवेळीच सुचणार असेल तर आराखडे, सराव आणि प्रशिक्षण यांवर खर्च कशासाठी? उत्तर असे, की योजकता रिकाम्या हातांनी आणि रिकाम्या डोक्याने होत नाही. दाइनीतल्या माणसांना कोणती केबल कुठे आहे आणि कोणत्या पंपाला किती वीज लागते हे पाठ होते.

उत्तरकाशीतल्या सिलक्यारा बोगद्याचे उदाहरण ताजे आहे. 12 नोव्हेंबर 2023 रोजी, ऐन दिवाळीत, बोगद्याचा भाग कोसळून 41 कामगार आत अडकले. ढिगाऱ्यातून आडवा पाइप घालणारे ऑगर यंत्र शेवटचे दहा-बारा मीटर उरलेले असताना मोडले. त्यानंतर बोलावण्यात आलेले खाणकामगार हातांनी खोदत पुढे गेले: अरुंद पाइपमध्ये एक जण खोदणार, दुसरा राडारोडा गोळा करणार, तिसरा तो ट्रॉलीत भरून मागे ढकलणार. 28 नोव्हेंबरला सर्वच्या सर्व 41 जण बाहेर आले. कोळशाच्या खाणींत हीच 'रॅट होल' पद्धत धोकादायक म्हणून राष्ट्रीय हरित लवादाने 2014 मध्ये बंद केलेली होती, हा त्यातला विरोधाभास वृत्तपत्रांनी पुरेपूर रंगवला. माझ्या मते त्याहून महत्त्वाची बाब कमी चर्चिली गेली. ऑगर चालू असतानाच डोंगराच्या माथ्यावरून उभे छिद्र घेणे आणि बोगद्याच्या दुसऱ्या टोकाकडून खोदणे यांसारखे पर्यायही हाती घेतलेले होते. त्यामुळे एक मार्ग बंद पडल्यावर डोक्याला हात लावून बसण्याची वेळ आली नाही. अनेक पर्याय एकदम चालू ठेवणे खर्चिक असते आणि नंतर त्यातले बरेचसे वाया गेलेले दिसतात. तो खर्च करण्याची हिंमत वरच्या माणसालाच दाखवावी लागते.

ज्याने त्याने मनाला येईल ते केले तर?

ही शंका रास्त आहे, कारण योजकता जीवघेणीही ठरते. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ इथे गावातून बाहेर पडणाऱ्या लोकांची बोट उलटून डझनाहून अधिक जण बुडाले. बोट मिळेल तशी वापरली गेली, तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. बोटीत बसणारे आणि बसवणारे कोणीही बेपर्वा नव्हते, सारे घाबरलेले होते आणि दुसरी बोट कधी येणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. अशा वेळी 'या फेरीला एवढीच माणसे' असे सांगून लोकांना थांबवू शकेल असा माणूस काठावर असणे, हेही नेतृत्वच होय. पुण्यातही 25 जुलै 2024 ला डेक्कनजवळ पुलाची वाडी इथे पाण्यातली हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तिघांचा जीव गेला. हातगाडी वाचवण्याची धडपड समजण्यासारखी आहे; पाणी चढताना त्या भागाची वीज बंद करण्याचा निर्णय कोणी, कोणाला विचारून घ्यायचा, हा प्रश्न तिथे कळीचा ठरतो.

दुसरी अडचण विश्वासाची. अमेरिकेत मॉन्टॅना राज्यातल्या मॅन गल्च या दरीत 5 ऑगस्ट 1949 रोजी वणवा विझवायला गेलेले पथक आगीच्या तावडीत सापडले. प्रमुख वॅगनर डॉज यांनी समोरचे गवत स्वतःच पेटवले आणि त्या जळून गेलेल्या जागेत आडवे पडायला सहकाऱ्यांना सांगितले, कारण जळालेल्या जागेत वणव्याला जाळायला काही उरत नाही. आग मागे लागलेली असताना नवी आग लावणारा माणूस सहकाऱ्यांना भ्रमिष्ट वाटला असावा. कोणीही थांबले नाही. डॉज वाचले, आणखी दोघे धावत निसटले, 13 जण गेले. युक्ती अचूक होती, परंतु त्या पथकाने डॉज यांच्या हाताखाली फारसे काम केलेले नव्हते आणि समजावून सांगायला सवड नव्हती. अनोळखी माणसाची विचित्र वाटणारी आज्ञा कोणी पाळत नाही, हुद्दा कितीही मोठा असो. दर दोन-अडीच वर्षांनी अधिकाऱ्यांच्या बदल्या करणाऱ्या आपल्या व्यवस्थेने या गोष्टीचा विचार करायला हवा असे मला वाटते.

सरळ लष्कराकडेच का सोपवू नये?

'एकच सेनापती हवा' ही मागणी पुण्यासारख्या छावणीच्या शहरात स्वाभाविक आहे. लष्कराकडे माणसे, शिस्त आणि साधने असतात, शिवाय तळेगावजवळ सुदुंबरे इथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियनही आहे. परंतु कोणत्या सोसायटीत अंथरुणाला खिळलेले वृद्ध राहतात आणि कोणत्या बोळातून होडी जाते, हे बाहेरून आलेल्या दलाला ठाऊक नसते. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव दरडीखाली गेले तेव्हा गाव जागेवर नाही हे प्रथम लक्षात आले ते एसटीच्या चालकाला. त्याने दिलेल्या वर्दीवरून पुढची चक्रे फिरली.

डिझास्टर रिसर्च सेंटरच्या हेन्री क्वारँटेली आणि रसेल डाइन्स यांनी आपत्तीत काम करणाऱ्या गटांची विभागणी केली आहे. अग्निशमन दलासारखे काही गट आपले नेहमीचेच काम नेहमीच्याच रचनेत करतात. होमगार्डसारख्या काही संस्था काम तेच ठेवून माणसे वाढवतात. काही संस्था रचना तीच ठेवून वेगळेच काम अंगावर घेतात. उत्सवाची वर्गणी गोळा करणारे गणेश मंडळ पुरात अन्नाची पाकिटे वाटू लागते ते या प्रकारातले. आणि काही गट आदल्या दिवशी अस्तित्वातच नसतात, त्या दिवशी जन्म घेतात. 2018 च्या महापुरात केरळच्या मच्छीमारांनी आपल्या होड्या ट्रकवर चढवून आत आणल्या आणि हजारो माणसे बाहेर काढली. कोणत्याही सेनापतीच्या आज्ञेत नसलेल्या अशा गटांना हुकूम देता येत नाही, त्यांच्याशी जुळवून घ्यावे लागते. त्यांना रोखणारा अधिकारी सर्वांत मोठे मनुष्यबळ हातचे घालवतो, आणि मोकाट सोडणारा अधिकारी रस्ते अडवून ठेवतो.

यासाठी आपल्याकडे एक चौकट आहे. कॅलिफोर्नियातल्या 1970 च्या वणव्यांनंतर तिथे घडलेली पद्धत राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2010 मध्ये इन्सिडंट रिस्पॉन्स सिस्टिम या नावाने भारतासाठी स्वीकारली. घटनास्थळी एक प्रमुख, त्याच्याखाली प्रत्यक्ष काम, नियोजन आणि सामग्री असे तीन विभाग, एका माणसाच्या हाताखाली साधारण पाचच माणसे आणि प्रत्येकाला एकच वरिष्ठ, अशी तिची रचना आहे. ही चौकट योजकतेच्या आड येते अशी तक्रार होते. कोण कोणाला सांगेल एवढे ठरलेले असले, की काय सांगायचे त्यात मोकळीक घेता येते, हे लक्षात घेतले तर ती तक्रार बरीचशी निवळते.

उद्या चौकशी लागली तर?

अधिकाऱ्यांशी खाजगीत बोलले की शेवटी गाडी इथेच येऊन थांबते. आज निविदेशिवाय शंभर पंप भाड्याने घेतले आणि दोन वर्षांनी लेखापरीक्षणात आक्षेप आला तर निस्तरायचे कोणी? ही भीती खोटी नाही. कायद्याने मात्र तिचा विचार केलेला आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 च्या कलम 50 नुसार बचाव आणि मदतीसाठी तातडीची खरेदी करताना निविदेची नेहमीची पद्धत माफ होऊ शकते. कलम 65 नुसार गरजेची वाहने, जागा आणि साधने ताब्यात घेता येतात. कलम 73 सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण देते. कलम 74 तर पुण्यापुरते आणखी मोलाचे आहे: येऊ घातलेल्या आपत्तीचा इशारा अधिकृतपणे देणाऱ्या अधिकाऱ्यावर त्या इशाऱ्याबद्दल कायदेशीर कारवाई होऊ शकत नाही. इशारा दिला आणि पूर आलाच नाही तर लोक हसतील, पण खटला भरता येणार नाही. पहाटे तीन वाजता भोंगा वाजवायचा की अजून अर्धा तास पाहायचे, या घालमेलीत असलेल्या अभियंत्याला हे कलम ठाऊक असायला हवे. 2025 च्या दुरुस्तीनंतर महापालिका असलेल्या शहरांसाठी आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र नागरी आपत्ती प्राधिकरण स्थापन करण्याचीही सोय झाली आहे.

कायद्याने किल्ली केलेली आहे. ती खालपर्यंत पोहोचते का, हे पाहण्यासारखे आहे. ही कलमे जिल्हाधिकाऱ्यांना पाठ असतात, क्षेत्रीय कार्यालयातल्या कनिष्ठ अभियंत्याला आपण किती रकमेपर्यंत स्वतः निर्णय घेऊ शकतो हे लेखी सांगितलेले असतेच असे नाही. ते त्याला एका पानाच्या आदेशाने, मे महिन्यातच, सांगता येते.

रंगीत तालीम कशी असावी?

आपल्याकडे सराव बहुधा ठरल्याप्रमाणे पार पडतो आणि ठरल्याप्रमाणे पार पडला म्हणून यशस्वी जाहीर होतो. अशा तालमीतून योजकता येत नाही. सराव चालू असताना मध्येच कोणीतरी सांगायला हवे, की नियंत्रण कक्षाचा फोन आता बंद पडला आहे, प्रमुख अधिकारी संपर्काबाहेर आहेत, ठरलेला पूल पाण्याखाली आहे आणि निवाऱ्याच्या शाळेची चावी असलेला शिपाई गावी गेला आहे. मग दुसऱ्या फळीतला माणूस काय करतो ते पाहावे आणि त्याने जे केले त्याची नोंद ठेवावी, चुकले असेल तरीही. डॉज यांनी लावलेली आग त्या दिवशी कोणाला कळली नव्हती. पुढे ती वणवा विझवणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा भाग झाली. 2024 च्या त्या पहाटे सिंहगड रस्त्यावर कोणी कोणता जिना दोरीने जोडला, कोणत्या सोसायटीच्या रखवालदाराने आधी मेन स्विच पाडला आणि कोणत्या गच्चीवरून वृद्धांना उतरवले, याच्या कहाण्या तिथल्या रहिवाशांकडे असणार. त्या लिहून घेणे हे एका कारकुनाचे आठवडाभराचे काम आहे, आणि त्यातल्या ज्या युक्त्या पुन्हा वापरता येतील त्या वॉर्डाच्या आराखड्यात पुढच्या जूनपूर्वी घालता येतील.